मे महिन्यात स्वेटर

लग्न मोडायचं म्हटलं की लोक तीन प्रश्न विचारतात. मारतो का, पितो का, बाहेर काही आहे का. तिन्हींना मला "नाही" म्हणावं लागायचं आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. मी त्याचा वेळ फुकट घालवला, असं त्याला वाटत असावं. दादरला साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर बसणाऱ्या वकीलबाईंनीही हेच तीन विचारले. तिसऱ्या "नाही"नंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग?"

"बोलत नाही," मी म्हणाले.

"कोणाशी?"

"माझ्याशी. बाकी सगळ्यांशी बोलतो."

हे अगदी खरं होतं. लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या नवऱ्याइतका बोलका माणूस शोधून सापडला नसता. मंडळाच्या मीटिंगा त्याच्यावाचून अडायच्या. पाण्याच्या लाइनचं काम असो की कुणाच्या पोराची ॲडमिशन, लोक खालून हाका मारून त्याला बोलावून न्यायचे. उंबऱ्याच्या आत आला की मात्र तोंडाला कुलूप. कालवणात मीठ जास्त पडलं, लॅबमधल्या मैत्रिणीच्या सेंड-ऑफला मी न विचारता थांबले, त्याच्या बहिणीचा फोन उचलायचा राहिला, काहीही पुरायचं. मग आठवडेच्या आठवडे एक शब्द नाही. माफी मागून बघितली, रडून बघितलं, भांडूनही बघितलं. भिंतीशी भांडल्यावर आपलाच घसा बसतो. आणि मग एखाद्या सकाळी तो आपणहून "चहा दे" म्हणायचा आणि मी वेड्यासारखी खूश व्हायचे. त्या खुशीची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

मधल्या काळात घर चालायला निरोप लागायचे. ते मुलं पोचवायची. "तुझ्या आईला सांग, टॉवेल दे." मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. मुलगी तेव्हा दहा वर्षांची, मान खाली घालून सांगायची. मुलगा सहाचा. एका रविवारी तो माझ्या मांडीला मांडी लावून जेवत होता. मी भाजी वाढायला हात पुढे केला, तर त्याने पलीकडे बसलेल्या ताईला म्हटलं, "आईला सांग, मला नको."

तो रागावला नव्हता. काही बिनसलंही नव्हतं. आपल्या घरात आईशी असंच बोलतात, एवढंच त्याला वाटलं होतं.

मी भाजी परत टोपात टाकली आणि त्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. म्हणजे खरंच काही नाही. राग नाही, रडू नाही, भीतीसुद्धा नाही. परळच्या लॅबमध्ये रक्त काढताना मी पेशंटला सांगायचे, इकडे बघू नका, तिकडे भिंतीकडे बघा. आता मीही भिंतीकडे बघतच एकेक काम उरकायला लागले. वकील गाठणं हे त्यातलंच एक काम होतं. परत येताना मी कोथिंबीरही घेतली होती.

वकीलबाईंनी विचारलं, मुलांना घेऊन राहणार कुठे. मी म्हटलं, बेळगावला, थोरली बहीण आहे. तिच्या ओळखीने तिथल्या एका लॅबमध्ये माझ्या नोकरीचं जमत होतं.

"म्हणजे राज्याबाहेर," त्या म्हणाल्या.

माझे सासरे हयात असते तर बाईंचं काही खरं नव्हतं. गिरणीत होते तेव्हापासून, बेळगाव आपलंच, असं नाक्यानाक्यावर ओरडून त्यांनी घसा कोरडा केला होता. आणि त्यांच्या फोटोला रोज उदबत्ती लावणारी त्यांची सून तिथे मान हलवत "हो, राज्याबाहेर" म्हणत होती. खरं तर मला हसू यायला हवं होतं.

बाईंनी मग मला शाळेतल्या मुलीला समजावतात तसं समजावलं. आधी केस टाकली आणि मग मुलं हलवायची म्हटलं, तर कोर्टाला विचारून हलवावी लागतील. आधी जाऊन शाळा, नोकरी बसवली आणि तिथेच केस टाकली, तर मुलं राहतात तिथलं कोर्ट त्यांचं बघेल. "पण एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "चोरून गेलात तर तो म्हणणार, पोरं पळवली. आणि कोर्टाला ते पटलं तर मुलं मुंबईला परत पाठवावी लागतील. घरातल्या एका माणसाला तरी सांगून जा."

एका माणसाला तरी. आमच्या घरात माणसं होती किती? नवऱ्याला सांगितलं असतं तर जाणंच झालं नसतं. मुलांवर असलं ओझं टाकायचं नव्हतं. राहता राहिल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई.

आई मालवणकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या त्याला जन्म उलटला, पण बोली तसूभरही हलली नव्हती. आमचं काही गूळपीठ नव्हतं. माशाला चिंच किती घालायची इथपासून मुलीच्या वेण्या कशा घालायच्या इथपर्यंत आम्ही रोज वाद घालायचो. पण नवऱ्याचं मौन सुरू झालं की त्या जास्तच बोलायच्या. भांड्यांशी, नळाशी, खिडकीतल्या कावळ्याशी. घर गप्प पडू नये म्हणून बोलत असाव्यात. आपल्या मुलाला मात्र एका शब्दाने टोकलं नाही कधी, आणि तो सल माझ्या मनात होता. शेजारची एक म्हातारी एकदा बोलून गेली होती की सासरेही घरात असेच होते. मी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. नाक्यावर घसा कोरडा करणारा माणूस घरात गप्प बसत असेल, हे मला तरी कळायला हवं होतं.

आईंना सांगायचं म्हणून मी तीनचारदा त्यांच्यासमोर जाऊन बसले. दर वेळी मुलांच्या शाळेचं काहीतरी बोलून उठले. सांगितलं आणि त्यांनी मुलाच्या कानावर घातलं तर? त्यांचा तो एकुलता एक मुलगा. मी त्यांना दोष दिला नसता, पण माझं जाणं तिथेच संपलं असतं.

मे महिना आला. मे महिन्यात आमच्याकडे मसाला असतो. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणायच्या, गॅलरीत वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा आणि डंकावर जाऊन कुटून आणायचा. आख्खी चाळ शिंकत असते. डंकावर आई स्वतः उभ्या राहायच्या, कारण आपला माल दुसऱ्याच्या मालात जाईल ही त्यांची कायमची शंका. दर वर्षी दोन बरण्या व्हायच्या, एक घरात आणि एक ठाण्याच्या नणंदेला. यंदा तीन भरल्या. "यंदा जास्त झालो," एवढंच त्या म्हणाल्या.

मेची सुट्टी हाच माझा बहाणा होता. आईवडील गेल्यापासून बहिणीचं घर हेच माझं माहेर, आणि वर्षाआड आम्ही तिकडे आठ दिवस जायचोच. नवऱ्याचं तेव्हा मौन चालू होतं. मी मुलीला म्हटलं, "बाबांना सांग, आपण मावशीकडे जातोय आठ दिवस." ती तीन पावलं गेली आणि परत आली. "बाबा म्हणाले, सांग, जा म्हणावं." अशी परवानगी मिळाली. वकीलबाईंना फोनवर हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आठ दिवसांची."

आई देवळात गेल्या तेव्हा मी स्टुलावर चढून माळ्यावरून मुलांचे स्वेटर काढले. बेळगावला हिवाळा असतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मुंबईतल्या मुलांचे स्वेटर ते काय. एकदा महाबळेश्वरला जायचं ठरलं म्हणून घेतलेले आणि जाणं रद्द झाल्यावर डांबरगोळ्या घालून ठेवून दिलेले. मुलाचा तर घालून बघायचंही मला सुचलं नाही. बॅगेच्या तळाशी दाबून बसवले, वर टॉवेल टाकला. पुस्तकं, दप्तरं, पावसाळी चपला, संशय नको म्हणून सगळं मागे ठेवायचं इतकं डोकं माझं चाललं होतं. आणि मे महिन्यात मी बॅगेत स्वेटर भरत होते.

निघायच्या दिवशी दुपारी नवरा कामावर होता. दादरहून संध्याकाळची बस. आई जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली मसाल्याची बरणी घेऊन आल्या. "ह्यो ने. थंय आपल्या चवीचो गावाचो नाय." तिथे मिळायचा नाही म्हणत होत्या. बरणी सांडू नये म्हणून त्यांनी बॅगेत खोल हात घातला. हात तिथेच थांबला. डांबरगोळीचा वास खोलीभर पसरला.

"सकाळी गार असतं तिकडे," मी म्हणाले. "बहीण म्हणत होती. मेमध्येसुद्धा."

"असता," आई म्हणाल्या. त्यांनी बरणी दोन्ही स्वेटरांच्या मधे नीट बसवली आणि बॅगेची चेन लावली.

मग त्यांनी माझी ओटी भरली. आमच्या घरची रीत आहे, माहेरी निघालेल्या सुनेची ओटी भरल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. हळदकुंकू, तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. मी ड्रेस घातला होता, म्हणून ओढणी पुढे केली. आणि ओटी घेतली की सुनेने त्यातले चिमूटभर तांदूळ घरच्या तांदळाच्या डब्यात परत टाकायचे असतात. म्हणजे ती परत येते. इतकी वर्षं मी ते न चुकता केलं होतं, कधीकधी गाडी चुकेल म्हणून धावत.

त्या दिवशीही मी चिमूट घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई डब्यापाशी उभ्या होत्या. झाकण लावलेलं होतं आणि त्यांचा हात झाकणावर होता.

"रवांदे गो," त्या म्हणाल्या. "उशीर होता तुका."

राहू दे म्हणत होत्या. बसला भरपूर वेळ होता. मी तांदूळ परत ओढणीत टाकले. मला तेव्हा इतकंच वाटलं की बरं झालं, एक खोटं कमी करावं लागलं. त्या जिन्यापर्यंत आल्या. दर वेळी गॅलरीतून "लवकर येवा रे" म्हणून ओरडायच्या, ते ओरडल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, ताईचा हात सोडू नको. टॅक्सीत बसल्यावर मी वर बघितलं नाही. मला वाईट वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं, आणि बस घाटाला लागली तरी वाटत नव्हतं.

बेळगावला बहिणीने बॅग उपसली. स्वेटर बघून तिने कपाळावर हात मारला. मग बरणी हातात घेतली, वजन बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा वर्षाचा मसाला आहे. आठ दिवसांना एवढा कोण देतं?"

मी बरणीकडे बघत राहिले. मग स्वेटरमध्ये थांबलेला हात आठवला. मग झाकणावरचा. मी तिथेच पाटावर बसले. माझ्या सासूला कळलं होतं. सगळं कळलं होतं आणि तिने मला जाऊ दिलं होतं, नव्हे, पाठवलं होतं. ओटीतले तांदूळ मी बहिणीकडच्या डब्यात ओतले. ते वेगळे ठेवावेत एवढाही जोर माझ्यात नव्हता.

आठ दिवस संपले तसं मी नवऱ्याला कळवलं की आम्ही येणार नाही. फोन आला नाही. त्याच्याकडून येणारही नव्हता. काही दिवसांनी त्याचा निरोप आला, पण या वेळी मुलीऐवजी वकिलाकडून. आईंना फोन करायची माझी हिंमत झाली नाही. त्यांना आपल्यामुळे घरात काय ऐकावं लागत असेल, की काहीच ऐकू येत नसेल, या विचारापाशी मी थांबायचे आणि पुढे जायचे नाही.

शाळा सुरू झाली. मी लॅबमध्ये लागले. मुलगा कानडी अक्षरं जिलेबीसारखी गिरवायला लागला. मुलगी हळूहळू जेवताना बोलायला लागली, मग इतकी बोलायला लागली की बहिणीचे यजमान टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी केस टाकली. नवऱ्याने उत्तर दिलं ते अपेक्षेप्रमाणेच: आठ दिवसांसाठी जाते असं खोटं सांगून, घरात कुणालाही न कळवता मुलांना पळवून नेलं, मुलांना त्यांच्या मुंबईच्या घरी परत पाठवावं.

इथल्या वकिलांनी मला विचारलं, "खरंच कुणालाही सांगितलं नव्हतं?"

नाही, मी म्हणाले. एका बाईने डब्याचं झाकण लावून धरलं होतं, हे त्यांना काय सांगणार? आणि आपल्या मुलाविरुद्ध ती काय म्हणून बोलेल? मुलं परत गेली तर काय होईल हे मला दिसत होतं. दोघं पुन्हा निरोप पोचवतील, आणि या वेळी निरोप घ्यायला मी तिथे नसेन. एवढी एकच भीती त्या दिवसांत माझ्यापर्यंत पोचली. बाकी सगळं काचेपलीकडे चालू होतं.

कोर्टाने आम्हाला समुपदेशनाला बसवलं. छोटी खोली, टेबलामागे बेळगावच्याच एक बाई. नवरा आईंना घेऊन आला होता, घरात कुणालाही माहीत नव्हतं याची साक्ष म्हणून. आई वाळल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर टेबलावर ठेवली.

"तिला विचारा," नवरा समुपदेशक बाईंना म्हणाला, "मुलांना कधी परत आणणार आहे."

"ती समोर बसली हा," आई म्हणाल्या. "तूच इचार."

तो गप्प बसला. बाईंनी जरा वाट बघितली आणि आईंकडे वळल्या. "आजी, तुम्हाला न सांगताच गेली न्हवं ही?"

"मी ओटी भरून धाडलंय तिका," आई म्हणाल्या. "चोरून जातल्या बाईची ओटी भरतत काय?"

"ती आठ दिवसांसाठी, आई," नवरा म्हणाला.

"वर्षाचो मसालो दिलंय. आठ दिसांक वर्षाचो मसालो देतत?"

बाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं म्हणा की."

"होता."

नवऱ्याने आईंकडे बघितलं. त्याचा चेहरा लहान मुलाच्या चेहऱ्यासारखा झाला, खेळात कुणीतरी फसवल्यावर होतो तसा. "का?" त्याने विचारलं. मी बसले होते त्या खोलीत त्याने कुणाला सरळ प्रश्न विचारलेला मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

"तुझ्या बापाशीन माझ्यावांगडा असाच केल्यान," आई म्हणाल्या. माझ्याशीही असंच केलं त्याने. "माका जावक जागा नाय होती."

बाहेर कुणीतरी कानडीतून नावं पुकारत होतं. त्यानंतर दोन बैठका झाल्या, पण मुलं पळवली हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. शेवटी ठरलं की मुलं शाळेसाठी माझ्याकडे राहतील, मेची सुट्टी आणि गणपती लालबागला. आमच्या दोघांचं प्रकरण अजून तारखांवर चालू आहे, चालू दे.

खोलीबाहेर बाकावर आई एकट्या बसल्या होत्या. नवरा गाडीचं बघायला गेला होता. मला पुष्कळ बोलायचं होतं. तोंड उघडलं तर नुसतंच "आई" निघालं.

"पोराक तो स्वेटर होतो काय?" त्यांनी विचारलं. "माका बारीक वाटलो."

"नाही होत. नवीन घेतला."

"बरा केलंस," त्या म्हणाल्या, आणि आपल्या मुलाला येताना बघून उठल्या.

पुढच्या मेमध्ये मुलं लालबागला गेली. महिनाभर मी कामावर जायचे, यायचे, बहिणीशी बोलायचे, जेवायचे. आता आपण भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आहेत आणि त्या रिकाम्या आहेत, एवढं मला समजत होतं. मुलं परत आली ती उन्हाने काळी होऊन, आणि लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली बरणी घेऊन.

मुलीने बॅग उघडता उघडता सांगितलं की निघताना आजीने दोघांच्या ओंजळीत तांदूळ घातले आणि त्यातले चिमूटभर डब्यात टाकायला लावले.

"मी जास्त टाकले," मुलगा म्हणाला.

"मी आजीला विचारलं," मुलगी म्हणाली, "आई पण टाकते ना दर वेळी? तर म्हणाली, तिचे तिच्याकडेच रवांदेत."

मी बरणी घेऊन स्वयंपाकघरात गेले. भात लावायचा होता म्हणून डब्याचं झाकण काढलं. बहिणीकडच्या डब्यातलाच हा तांदूळ, घर मांडताना तिने दिलेला, त्यात माझी ओटी कधीच मिसळून गेली होती. आपण कोणते शिजवले, कोणते उरले, मला सांगता आलं नसतं. तिथे उभी राहून मी रडले. नवऱ्यासाठी नाही, लग्नासाठीही नाही. मला त्या बाईची आठवण येत होती, आणि तिच्या घराचा उंबरा मी आता सून म्हणून कधी ओलांडणार नव्हते.

"आई, भूक लागली," मुलगा बाहेरून ओरडला. ताई त्याच्या शेजारीच बसली होती, पण तो मलाच ओरडला.